आयर्लंडमध्ये आठ दिवसांत समुद्राकाठचे आणि तळ्याकाठचे किती गोल्फ कोर्स खेळून होतील?

तुम्ही चौघं पुण्याहून जूनमध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या केरी परगण्यात निघालाय, आणि तुमच्यातल्या एकाचं म्हणणं असं की समुद्राकाठचे वाळूवरचे कोर्स, म्हणजे लिंक्स, हे नुसतं उघडं माळरान, एक खेळला की पुरे, बाकी दिवस किलार्नीच्या तळ्याकाठी काढू.

त्याचं ऐकू नका. हाच वाद मी आमच्या क्लबात वर्षानुवर्षं घालत आलोय. लिंक्सवर वैतागून परत आलेल्या बहुतेकांची तक्रार मुळात एकच असते : ग्रीनजवळ (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळ) आल्यावर साठ डिग्रीचा वेज, म्हणजे बॉल उंच उडवणारी काठी, काढला आणि बॉल थेट पलीकडे गेला. जाणारच. तिथे वाळूवर बारीक फेस्क्यू गवत असतं, अगदी आखूड कापलेलं, आणि खाली जमीन टणक. जाड तळाचा वेज त्या जमिनीवर आपटून उसळतो, कड बॉलच्या पोटावर बसते, आणि वीस यार्डांच्या चिपचे (छोट्या फटक्याचे) पन्नास यार्ड होतात. आपल्याकडे बर्म्युडा, म्हणजे दूबच. पटरने (बॉल जमिनीवरून ढकलायच्या काठीने) ग्रीनच्या बाहेरून ढकललं तर बॉल गवतात अडकतो, म्हणून वेजची सवय लागते. इथे ती बरोबर, तिथे घातक. लिंक्सवर ग्रीनच्या बाहेर पंचवीस यार्डांपर्यंत आधी पटर, चढ असेल तर आठ नंबरची आयर्न घेऊन बॉल लोळवत न्यायचा. वेज फक्त मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) असेल तरच. निघायच्या आधी महिनाभर हा लोळवणारा शॉट घोटून घ्या.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. समोरून वारा असला की आपण जोर लावतो. जोराने स्पिन वाढतो, बॉल वर चढतो आणि जागच्या जागी पडतो. दोन नंबर लांब मारणारी काठी घ्या, ग्रिप इंचभर खाली धरा, अर्धा स्विंग. मॅरम या टेकड्यांवरच्या उंच गवतात गेलेला बॉल शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात, त्यामुळे शंका आली की प्रोव्हिजनल, म्हणजे पर्यायी दुसरा बॉल, मारूनच पुढे निघायचं.

आता आखणी. सात कोर्स नकोत, पाच पुरेत. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून दिवसाला दोन राउंड मारायची सुरसुरी येते. पण टेकड्यांमधून एका राउंडला आठ-दहा किलोमीटर चाल होते आणि तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात. मुक्काम किलार्नीलाच ठेवा. पहिला राउंड तळ्याकाठच्या किलीनवर : बॉल थांबतो, झाडं आहेत, आपल्याला ओळखीचं वाटतं, प्रवासाचा शीणही निघतो. (शेजारच्या माहोनीज पॉइंटचं अठरावं होल, तळ्यावरून मारायचं पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं, तेवढं बघून या.) मग समुद्राकाठचा वॉटरव्हिल. नकाशात जवळ दिसतं, पण रस्ता अरुंद आणि टूरबसचा. दीड तास धरा. एक दिवस सुट्टी. मग ट्रॅली, अमेरिकन गोल्फर अर्नोल्ड पामरने आखलेला, आणि त्यानंतर बॅलीबनियनचा ओल्ड कोर्स. तिथे पहिल्याच टीच्या (होल सुरू करायच्या जागेच्या) उजवीकडे कबरस्तान आहे. ज्याचा बॉल उजवीकडे वळत जातो (स्लाइस), त्याने ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारी काठी, बॅगेतच ठेवावी.

शेवटी टारबर्टहून गाडीसकट फेरी, वीस मिनिटांत शॅनन नदी ओलांडून क्लेअर परगण्यात, आणि तिथला लाहिंचचा कोर्स. माळरान म्हणणाऱ्या मित्राला इथे आणाच. चौथ्या होलवर दुसरा शॉट वाळूच्या टेकडीवरून न बघता मारायचा, वर उभा असलेला माणूस झेंडा दाखवतो. पाचवं होल पार थ्री, ग्रीन दोन टेकड्यांमध्ये पूर्ण झाकलेलं. टेकडीवरचा पांढरा दगड हीच दिशा, आणि होलची जागा बदलली की तो दगडही हलवतात. स्कॉटिश गोल्फर ओल्ड टॉम मॉरिसने 1894 मध्ये आखलेली ही होल्स आहेत. ज्याला नुसता सरळ फेअरवे आवडतो त्याला चीड येईल. ठीक आहे, पण त्याने निदान खेळून मग बोलावं.

लिंक्सवर कॅडी (बॅग उचलून वाट सांगणारा मदतनीस) घ्या, टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, ठरवतानाच सांगून ठेवा, पैसे रोख. बग्गीचा भरवसा नको, बहुतेक ठिकाणी मोजक्या असतात आणि वैद्यकीय कारणासाठी राखलेल्या.

पाऊस येणारच. वाळूतून पाणी लगेच उतरतं, तळ्याकाठी मात्र चिखल होतो, तेव्हा वॉटरप्रूफ बूट लागतील. छत्री वाऱ्यात टिकत नाही. पावसाचे ग्लोव्हज दोन्ही हातांसाठी आणि कानटोपी घ्या.

चौघं आणि चार बॅगांसाठी सात सीटर घेतली तर तिसरी रांग दुमडूनच ठेवा, ती उघडली की डिकीच उरत नाही. ऐसपैस हवं तर नऊ सीटर व्हॅन घ्या. हँडिकॅप सर्टिफिकेट (तुमच्या खेळाची पातळी दाखवणारा दाखला) जवळ ठेवा. जूनचे टी टाइम वर्षभर आधी जातात, तुम्ही यंदाचं म्हणत असाल तर सकाळचे विसरा, दुपारचे मागा. आणि शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा काढावा लागतो.