वाचकांचे प्रश्न : स्प्लिट एसी स्वतः बसवावा का?

प्रश्न : दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतलाय. ड्रिल, पाने घरात आहेत. फिटिंगचे पैसे वाचवून मीच बसवू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : अर्धं काम खुशाल करा. तांब्याच्या पाइपला मात्र हात लावू नका.

आतलं युनिट ज्यावर टांगतात ती भिंतीवरची पट्टी लेव्हल धरून लावा. पाइपचं भोक अडीच इंची, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा. उलटा उतार राहिला की तुमच्याकडचा पाऊस सरळ खोलीत. ड्रेन पाइप मध्ये कुठेही वर चढता कामा नये, त्याचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडता कामा नये. आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, स्टँडला अँकर फास्टनरच (भिंतीत फुलून घट्ट बसणारे बोल्ट) हवेत. वीज मात्र वायरमनकडून घ्या : बोर्डापासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच), पक्कं अर्थिंग.

आता पाइप. पाव इंची नट साधारण 15 न्यूटन-मीटरला (हे आवळण्याच्या जोराचं माप), अर्धा इंची 50 ते 60 ला आवळायचा असतो. कमी आवळला तर गॅस गळतो, जास्त आवळला तर फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड, चिरतो आणि पुन्हा गळतोच. त्यानंतर पाइपातली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप. पाइपात हवा राहिली तर प्रेशर वाढतं, कूलिंग घटतं. ओल राहिली तर कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार होतं. हे पहिल्या उन्हाळ्यात कळतही नाही.

फिटरवरही लक्ष ठेवा. पंप न आणता, व्हॉल्व्ह जरासा उघडून गॅसच्या जोरावर हवा हुसकावणारे बरेच आहेत. त्याला सरळ नाही म्हणा. निदान वीस मिनिटं पंप चालू हवा, मग तो बंद करून दहा मिनिटं गेजचा (दाब दाखवणाऱ्या मीटरचा) काटा हलतो का पाहा; हलला तर कुठेतरी गळती आहे. व्हॉल्व्ह उघडल्यावर दोन्ही नटांना साबणाचा फेस लावून घ्या. एसीत आर-32 नावाचा गॅस असेल तर तो पेट घेऊ शकतो, तेव्हा आसपास बिडी-काडी नको. आउटडोअरमध्ये ठरावीक लांबीच्या पाइपापुरता गॅस कंपनीतूनच भरलेला असतो. तीन मीटरच्या पाइपाला ‘गॅस कमी आहे’ म्हणून पैसे मागितले तर पुस्तिका पुढे करा. अधिकृत फिटिंगची अट वॉरंटी कार्डावर आहे का, तेही आधीच वाचा.

प्रश्न : मग विंडो एसी? – एक वाचक, सांगली

उत्तर : बसवा. त्यात गॅस सीलबंद असतो, पाइप जोडायचे नसतात. वजन पन्नासेक किलो, म्हणून उचलायला दोघं हवेत. मागची बाजू सेंटीमीटरभर खाली ठेवा, म्हणजे पाणी बाहेर पडेल.