सेरोटोनिनचं ते वाक्य आधी खोड

प्रिय मुली,

मानसशास्त्रातल्या जैविक दृष्टिकोनावरच्या तुझ्या निबंधाचा मसुदा वाचला. मांडणी नेटकी आहे, पण दुसऱ्या परिच्छेदातलं पहिलंच वाक्य, 'मेंदूतील सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे नैराश्य येते', खोडून टाक. (सेरोटोनिन म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन.) हे वाक्य लिहून परीक्षेत गुण मिळतीलही. पण जैविक दृष्टिकोनावर लिहायला बसलेल्या माणसाला ते कुठून आलं आणि कुठे अडलं, हे ठाऊक हवं.

त्याचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार औषधात आहे. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि बाहेरच्या डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. चेतापेशीच्या टोकाला रसायनं साठवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. रेसर्पिन त्यांत सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन भरू देत नाही, म्हणून साठा रिता होतो. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. त्याच सुमारास क्षयावरचं इप्रोनियाझिड घेणारे रुग्ण उलट उत्साही दिसू लागले, आणि हे औषध तर याच रसायनांचं विघटन रोखणारं निघालं. साठा घटला की उदासी, वाढला की उभारी. दोन्ही टोकं इतकी छान जुळली की गृहीतक तयार झालं.

आता ते कुठे उसवलं ते बघ. रेसर्पिनमुळे खिन्न झालेले रुग्ण थोडेच होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आधीही नैराश्य येऊन गेलं होतं. १९५५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या डेव्हिस आणि शेफर्ड यांच्या चाचणीत तर चिंताग्रस्त, उदास रुग्णांना रेसर्पिननेच बरं वाटलं. पुढे फ्लुऑक्सेटिनसारखी नैराश्यावरची औषधं आली. ती सेरोटोनिन चेतापेशीत परत शोषलं जाणं काही तासांतच रोखतात, पण रुग्णाला स्पष्ट फरक जाणवायला दोन ते चार आठवडे जातात. नुसती कमतरता भरून काढायची असती तर इतका उशीर का? ट्रिप्टोफॅनचे प्रयोग याहून बोलके आहेत. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते हे अमिनो आम्ल वगळून केलेलं मिश्रण प्यायला दिलं की काही तासांत रक्तातलं ट्रिप्टोफॅन खाली येतं. स्वतःला किंवा घरात कुणालाही नैराश्य नसलेल्या निरोगी माणसाच्या मनःस्थितीत त्याने सहसा काही हलत नाही. सेरोटोनिनवरच्या औषधांनी नुकत्याच सावरलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची लक्षणं मात्र परततात. म्हणजे सेरोटोनिनचा संबंध आहे, पण तो सगळ्यांमध्ये सारखा नाही आणि 'कमी म्हणून आजार' इतका सरळही नाही. २०२२ मध्ये मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्रीत आलेल्या मोठ्या आढाव्यालाही कमतरतेचा सुसंगत पुरावा सापडला नाही.

हे वाचून कुणी 'मग गोळ्या निरुपयोगी' म्हणेल. तो निष्कर्षही तितकाच घाईचा. औषध लागू पडतं का, हे औषधाच्या चाचण्या ठरवतात. आजार कशाने होतो, हा वेगळा प्रश्न. मसुद्यात तू हे दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळले आहेस, ते सोडव.

पान चारवर 'नैराश्य ३७ टक्के आनुवंशिक असते' असं आहे. आकडा खरा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांच्या २००० सालच्या एकत्रित विश्लेषणातला. वाक्य चुकीचं आहे. हा हिशेब एका माणसाच्या आजाराच्या वाटण्या करत नाही. एका लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकीय फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. ढोबळ पद्धत अशी: एकबीज जुळ्यांमधल्या साम्यातून द्विबीज जुळ्यांमधलं साम्य वजा करायचं आणि दुप्पट करायची. समजा ०.४६ आणि ०.२८ आलं, तर फरक ०.१८, दुप्पट ०.३६. यात दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना घरचं-दारचं वातावरण सारखंच मिळतं, असं धरलेलं असतं. एकबीज जुळ्यांना एकसारखे कपडे, एकच वर्ग, एकच मित्रमंडळ मिळालं तर हा आधार डळमळतो आणि आकडा फुगतो. शिवाय हाताला पाच बोटं असणं पूर्णपणे जनुकांचं काम, तरी त्याची अशी काढलेली आनुवंशिकता जवळपास शून्य येईल, कारण बोटांच्या संख्येत दिसणारा फरक बहुतेक अपघातांमुळे असतो. आणि 'आनुवंशिक म्हणजे अटळ' हे तर मनातूनच काढ: फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार एकाच जनुकातल्या दोषाने होतो, पण जन्मल्याबरोबर ओळखून फेनिलअ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल कमी असलेला आहार सुरू केला की मुलाची बौद्धिक हानी टळते.

एकेका जनुकावर बोट ठेवणारे जुने अभ्यास जपून वापर. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिनमधल्या ८४७ जणांच्या अभ्यासात सेरोटोनिन वाहक जनुकाचं आखूड रूप आणि आयुष्यातले ताण मिळून नैराश्याचा धोका वाढतो, असं दिसलं. तू त्यावर दीड पान दिलं आहेस. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही. २०१९ मध्ये आठ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून जनुकसंचात नैराश्याशी जोडलेल्या १०२ जागा मिळाल्या, आणि प्रत्येकीचा वाटा अगदी चिमूटभर. दीड पानाचं अर्धं पान कर.

उरलेल्या जागेत लंडनच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास घे. २००० साली १६ चालकांच्या हिपोकॅम्पसचा, म्हणजे जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. पण मोठा हिपोकॅम्पस असलेलेच या धंद्यात टिकत असतील तर? याचं उत्तर २०११ मध्ये आलं. ७९ उमेदवारांचं स्कॅन प्रशिक्षणाआधी झालं, तेव्हा फरक नव्हता. हजारो रस्ते पाठ करून जे ३९ उत्तीर्ण झाले त्यांच्यात वाढ दिसली, नापास झालेल्यांत नाही. मेंदूतला फरक हे वर्तनाचं कारणच असतं असं नाही, परिणामही असू शकतो, हे यातून थेट दिसतं. त्यामुळे कुठलाही अभ्यास उद्धृत करताना चार गोष्टी लिहीत जा: काय मोजलं, कुणात, केव्हा, आणि संशोधकाने काही बदलून पाहिलं की नुसतं पाहिलं.

शेवटच्या पानावरचं मेंदूच्या स्कॅनचं रंगीत चित्र काढून टाक. त्यातला लाल ठिपका म्हणजे तिथे 'विचार पेटला' असं नव्हे. दोन परिस्थितींतल्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या संकेतातला फरक सांख्यिकी मर्यादेपलीकडे गेला, एवढाच त्याचा अर्थ. हजारो ठिकाणी एकदम तपासलं की काही ठिपके निव्वळ योगायोगाने रंगतात, म्हणून त्या मानाने मर्यादा कडक करण्याची दुरुस्ती करावी लागते. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रं 'दाखवली', आणि ही दुरुस्ती न करता विश्लेषण केल्यावर त्याच्याही मेंदूत ठिपके उमटले. दुरुस्ती केल्यावर गेले. चित्र ठेवायचंच असेल तर खाली तीन गोष्टी हव्यात: तुलना कशाची कशाशी, माणसं किती, दुरुस्ती कोणती. मूळ लेखात त्या सापडल्या नाहीत तर चित्र वगळ आणि मसुदा पुन्हा पाठव.

स्नेहांकित