९७ टक्के अचूकता? आधी उलटतपासणी, मग पदवीची निवड

पत्र : मी जैवतंत्रज्ञान पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पायथन शिकले आहे. तयार डेटासेट घेऊन, दोन प्रथिनं एकमेकांना जोडली जातील की नाही हे सांगणारं मॉडेल केलं. अचूकता ९७ टक्के आली. पुढे संगणकशास्त्रात मास्टर्स करू की जीवशास्त्रात? प्रथिनांचा त्रिमितीय आकार सांगणारं अल्फाफोल्ड हे एआय मॉडेल आल्यावर या क्षेत्रात काम उरलंय का? आणि माझ्या साध्या लॅपटॉपवर सराव कसा करू?

उत्तर : पदवीच्या प्रश्नाकडे वळण्याआधी त्या ९७ टक्क्यांकडे बघू. हा आकडा अर्जात लिहिलास तर समोरचा जाणकार पहिलं हेच विचारणार, की टेस्ट सेट, म्हणजे मॉडेलची परीक्षा घ्यायला राखलेला डेटा, वेगळा कसा केलास?

बहुतेक जण सगळ्या जोड्या पिसून ८० टक्के ट्रेनिंगला आणि २० टक्के टेस्टला देतात. त्यात जोड्या वेगळ्या होतात, पण प्रथिनं दोन्हीकडे तीच राहतात. पी-५३ सारख्या प्रथिनाच्या शेकडो जोड्या नोंदलेल्या आहेत, त्यामुळे 'पी-५३ दिसलं की हो म्हणायचं' एवढं शिकूनही मॉडेल भरपूर गुण मिळवतं. पार्क आणि मार्कॉट यांनी २०१२ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. टेस्टमधल्या जोड्यांचे त्यांनी तीन वर्ग केले : दोन्ही प्रथिनं ट्रेनिंगमध्ये येऊन गेलेली, एकच येऊन गेलेलं, आणि दोन्ही पूर्ण नवीन. खरी परीक्षा तिसऱ्या वर्गात होते.

तेव्हा सीडी-हिट किंवा एमएमसीक्स-२ ही सारखी प्रथिनं एकत्र करणारी साधनं वापरून ४० टक्के साम्याच्या मर्यादेवर प्रथिनांचे गट पाड आणि अख्खा गट ट्रेनिंग किंवा टेस्ट, एकाच बाजूला ठेव. ज्या जोडीतलं एक प्रथिन इकडे आणि एक तिकडे, ती जोडी सरळ काढून टाक. डेटा बराच कमी होईल, होऊ दे. आकडा ५० च्या, म्हणजे नाणं उडवून मिळेल तेवढ्या गुणांच्या, दिशेने घसरला तर दचकू नकोस. फक्त अमिनो आम्लांच्या क्रमावरून अंदाज करणाऱ्या बऱ्याच गाजलेल्या मॉडेलांचं, ट्रेनिंगमधून टेस्टमध्ये होणारी ही गळती बंद केल्यावर, हेच झालं आहे. आणखी एक चाचणी अर्ध्या दिवसात होते. प्रत्येक प्रथिनाच्या क्रमाऐवजी एक यादृच्छिक पण कायम तोच राहणारा व्हेक्टर (आकड्यांची यादी) दे आणि जुन्या पद्धतीने मॉडेल पुन्हा चालव. गुण तरीही उंचच राहिले, तर त्या गुणांसाठी क्रमाची गरजच नव्हती.

दुसरी गोम 'नाही' या उत्तरांत असते. न जुळणाऱ्या जोड्या फारसं कुणी नोंदवत नाही, म्हणून त्या बनवाव्या लागतात. पेशीच्या वेगवेगळ्या भागांतली प्रथिनं घेऊन त्या बनवल्या, तर मॉडेल जोडणी शिकण्याऐवजी प्रथिनाचा पत्ता ओळखायला शिकतं. यादृच्छिक जोड्या घेतल्या तरी प्रत्येक प्रथिन होकारात जितक्या वेळा येतं, साधारण तितक्याच वेळा नकारातही यायला हवं. 'हो' च्या जोड्या स्ट्रिंग डेटाबेसमधून घेतल्या असशील तर तेही तपास : त्यातले सगळे दुवे प्रत्यक्ष जोडणीचे नसतात, एकाच कामात भाग घेणारी प्रथिनंही जोडलेली असतात. प्रत्यक्ष जोडणीचं जाळं तिथे वेगळं मिळतं. आणि तिथल्या दुव्याला दिलेला ०.९ गुण म्हणजे पुराव्याबद्दलची खात्री, बंधाची ताकद नव्हे.

आता थोडं गणित. माणसाच्या सुमारे २०,००० जनुकांमागे एकेक प्रथिन धरलं तरी जवळपास २० कोटी जोड्या होतात. न जुळणाऱ्यांपैकी फक्त १ टक्का जोड्यांना चुकून 'हो' म्हटलं, तर सुमारे २० लाख खोटे होकार हातात येतात. खऱ्या जोड्या समजा ३ लाख असल्या आणि त्या सगळ्या सापडल्या, तरी दर ८ होकारांत एकच खरा. म्हणून टेस्टमध्ये एका 'हो' मागे शंभर 'नाही' असं प्रमाण ठेव आणि प्रिसिजन-रिकॉल आलेख दे, म्हणजे होकारांतले किती खरे आणि खऱ्यांतले किती सापडले ते दिसेल. निम्मे हो, निम्मे नाही अशा टेस्टवरची अचूकता इथे फारसं काही सांगत नाही.

अल्फाफोल्डबद्दल. त्यासाठी हासाबिस आणि जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, ते योग्यच. पण दोन प्रथिनं जुळतात हे माहीत असताना ती कशी बसतील, हे सांगण्यात ही पद्धत तरबेज आहे. जुळतातच का, किती घट्ट, एक अमिनो आम्ल बदललं तर काय, इथे ती अजून चाचपडते. प्रतिपिंड आणि प्रतिजन यांच्या जोड्यांतही ती कमी पडते, कारण त्या दोघांची उत्क्रांती जोडीने झालेली नसते आणि क्रमांच्या जुळवणीतून मिळणारा धागा तिथे तुटतो. काम उरलंय ते इथे. औषधं आणि प्रतिपिंडं घडवणाऱ्या संघांना शेकडो अंदाजांतून प्रयोगाला पाठवण्याजोगे दहा निवडणारी माणसं लागतात. सॉफ्टवेअरचे परवानेही वाचायला शिक : अल्फाफोल्ड-३ चे वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) व्यावसायिक वापराला खुले नाहीत, बोल्ट्झ हे तशाच कामाचं मॉडेल मात्र खुलं आहे. कंपनीत हा फरक लगेच आडवा येतो.

मास्टर्स तू संगणकीय जीवशास्त्रात किंवा संरचनात्मक जीवशास्त्रात करावंस, असं माझं मत. शुद्ध संगणकशास्त्रात कंपायलर आणि नेटवर्किंगवर वेळ जाईल, आणि प्रथिनांची समज मात्र नंतर एकटीने मिळवावी लागेल. अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नकोस. संभाव्यता, संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित गांभीर्याने शिकवतात का, वर्षभराचा प्रकल्प असतो का, अंदाज तपासायला प्रयोग करणारी प्रयोगशाळा जोडीला असते का, एवढं विचार. यीस्ट टू-हायब्रिड काय दाखवतं आणि सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स काय मोजतं, हे प्रथिनांची जोडणी तपासणारे प्रयोग कळले नाहीत तर ज्या डेटावर शिकवतेस तोच उमजणार नाही. लिनक्स, गिट आणि पायटॉर्च त्या काळात होऊन जातं.

लॅपटॉप साधा असला तरी चालेल. कोलॅबफोल्ड, म्हणजे अल्फाफोल्ड वापरायची सोपी सोय, ब्राउझरमध्ये चालतं. सुरुवातीला बार्नेज (११० अमिनो आम्लं) आणि बार्स्टार (८९) ही जोडी घे. दोन क्रमांच्या मध्ये विसर्गचिन्हासारखं कोलन द्यायचं. उत्तर कायमेरा-एक्स या संरचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघड आणि १बीआरएस या प्रायोगिक संरचनेशी डॉक-क्यू या जुळणी मोजणाऱ्या गुणाने ताडून बघ : ०.२३ च्या खाली फसलं, ०.८० पासून पुढे उत्तम. आयपीटीएम, म्हणजे जोडणीबद्दल मॉडेलने स्वतःच दिलेला खात्रीचा गुण, ०.८ च्या वर असेल तर भरवशाचं, ०.६ खाली असेल तर बहुधा चुकलेलं, मधलं अधांतरी. ही संरचना जुनी आहे, मॉडेलने ती शिकतानाच पाहिलेली असणार, त्यामुळे इथे यश आलं तर फक्त तुझ्या पायऱ्या बरोबर आहेत एवढंच ठरतं. खऱ्या चाचणीसाठी मॉडेलच्या शिकवणीत नसलेली, म्हणजे सप्टेंबर २०२१ नंतर जाहीर झालेली आणि जुन्या संरचनांशी साम्य नसलेली जोडी शोध.

मग बार्नेजसोबत तेवढ्याच लांबीचं, संबंध नसलेलं प्रथिन देऊन बघ. शेवटी बार्स्टारमधलं ३९ वं अस्पार्टिक आम्ल बदलून अलानिन कर. प्रयोगात या एका बदलाने बंध फार कमकुवत होतो; मॉडेल बहुधा तीच मांडणी जवळपास त्याच गुणांनी परत देईल. चारही धावांचे आकडे, पीएई आलेख (मॉडेलला मांडणीत किती चूक अपेक्षित आहे ते दाखवणारा) आणि सुधारलेल्या टेस्टवरचा तुझ्या जुन्या मॉडेलचा घसरलेला आकडा दोन पानांत मांड आणि ती पानं अर्जाला जोड.