रोडमॅप, पथदर्शी आराखडा की आखणी?

पिंपरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीतल्या वाचकताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वार्षिक अहवालाची मराठी आवृत्तीही निघते. त्यातल्या 'टेक्नॉलॉजी रोडमॅप' या प्रकरणाला साहेबांनी 'तंत्रज्ञान पथदर्शी आराखडा' असं नाव दिलंय. ताईंना ते खटकतंय, पण नेमकं काय खटकतंय ते साहेबांना पटवून देता येत नाहीये. शिवाय 'रोडमॅपिंग'चं काय करायचं, हा उपप्रश्न आहेच.

खटकलं ते बरोबरच आहे. सरकारी मराठीत 'पथदर्शी प्रकल्प' म्हणजे पायलट प्रोजेक्ट. एखाद्या तालुक्यात आधी करून बघायचं, जमलं तर जिल्हाभर न्यायचं. त्यामुळे 'पथदर्शी आराखडा' वाचणाऱ्याला वाटणार की हे काहीतरी प्रायोगिक तत्त्वावर चाललंय. 'मार्गदर्शक आराखडा' म्हणावं तर त्याला 'मार्गदर्शक तत्त्वां'चा वास येतो, म्हणजे वरून आलेलं परिपत्रक. 'कृती आराखडा' त्यातल्या त्यात जवळचा. पण टंचाईचा कृती आराखडा डोळ्यांपुढे आणा: कुठल्या गावाला किती टँकर, कुठे विंधन विहीर, खर्च किती, जबाबदारी कोणाची. काय करायचं ते ठरलेलं असतं, फक्त वाटप करायचं असतं. रोडमॅपमध्ये निम्म्या गोष्टी ठरलेल्याच नसतात.

मुळात ही चीज काय आहे ते बघू. एक मोठा तक्ता. आडवी वर्षं आणि उभे थर. वरच्या थरात बाजार आणि नियम, मधल्या थरात आपली उत्पादनं, खालच्या थरात त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान. खरी गंमत थरांमध्ये नाही, थरांना जोडणाऱ्या रेघांमध्ये आहे. अमुक साली वरच्या थरात नियम बदलणार, म्हणून त्याच्या दोन वर्षं आधी मधल्या थरात नवं उत्पादन हवं, म्हणून त्याच्याही आधी खालच्या थरात संशोधन सुरू झालेलं हवं. मोटोरोला कंपनीत बॉब गॅल्विन प्रमुख असताना ही पद्धत रुजली. तिथल्याच विलयार्ड आणि मॅक्लीस यांनी १९८७ साली लेख लिहिला आणि ती बाहेरच्या जगाला कळली.

ताईंच्या धंद्यातलंच उदाहरण घेऊ. नीती आयोगाने इथेनॉल मिश्रणाचा २०२०-२५ साठीचा जो अहवाल काढला, त्याच्या नावातच 'रोडमॅप' आहे. तो ५ जून २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं होतं, ते गाठायचं कसं हे त्यात मांडलंय. एका बाजूला २० टक्के मिश्रणासाठी सुमारे १,०१६ कोटी लिटर इथेनॉल लागणार हा हिशेब. ते येणार साखर कारखान्यांच्या आसवन्यांमधून आणि धान्यापासून. दुसऱ्या बाजूला गाड्या. एप्रिल २०२३ पासून ज्यांचे भाग ई-२० इंधनाला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, टिकतील अशा गाड्या, आणि एप्रिल २०२५ पासून ज्यांचं इंजिनच ई-२० साठी जुळवलेलं आहे अशा गाड्या. हे दोन टप्पे वेगळे का? इथेनॉलमुळे काही प्रकारचं रबर फुगतं, काही धातू गंजतात. आधी नळ्या, सील, पंप बदलायचे. इंजिनाची जुळवणी नंतर. आता हे वाचून पिंपरी-चाकणच्या सील बनवणाऱ्या कारखान्याला कळतं की आपल्याला नवं रबर कधीपर्यंत तपासून तयार ठेवायचंय. मळीच्या टाकीपासून रबरी सीलपर्यंत सगळं एका कालरेषेवर बांधलं जातं. असा कागद म्हणजे रोडमॅप.

आणि योगायोग बघा, हा अहवाल आला त्याच दिवशी पुण्यात ई-१००, म्हणजे जवळजवळ निव्वळ इथेनॉलचं इंधन, पंपांवर देण्याचा प्रकल्पही सुरू झाला. तो पथदर्शी. साहेबांना एवढं एकच उदाहरण दाखवलं तरी पुरे.

मग 'रोड' म्हणजे मार्ग आणि 'मॅप' म्हणजे नकाशा, तर 'मार्गनकाशा' का नको? कारण नकाशा असलेल्या रस्त्यांचा काढतात. इथे पुढचा रस्ता झालेलाच नसतो. अर्धवाहक, म्हणजे संगणकाच्या चिप बनवणाऱ्या उद्योगाचा रोडमॅप यात फार प्रामाणिक होता. अमेरिकेत १९९२ साली सुरू झालेला हा उपक्रम पुढे युरोप, जपान, कोरिया आणि तैवानला सामील करून आंतरराष्ट्रीय झाला. त्याच्या तक्त्यांत रकान्यांना रंग असायचे. पांढरा म्हणजे उपाय हाताशी आहे, पिवळा म्हणजे उपाय ठाऊक आहे, लाल म्हणजे उपाय कोणालाच ठाऊक नाही. चिप जसजशी बारीक होत जाणार, तसतसे उजवीकडचे रकाने लाल होत जायचे, आणि त्या पट्ट्याला मंडळी 'लाल विटांची भिंत' म्हणायची. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्या एका टेबलाशी बसून 'इथे आमचंही घोडं अडलंय' असं लेखी कबूल करत होत्या. आपल्याकडच्या किती आराखड्यांत एक तरी रकाना असा लाल सोडलेला असतो? असो. ही मालिका २०१५ च्या आवृत्तीनंतर थांबली आणि तिची जागा आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या छत्राखालच्या नव्या रोडमॅपने घेतली.

म्हणून माझं मत 'आखणी'कडे झुकतं. सार्वजनिक बांधकाम खात्यात 'रस्त्याची आखणी' हा रोजचा शब्द आहे. महामार्ग कुठून जाणार हे तो होण्याआधी ठरवणं म्हणजे आखणी. मध्ये डोंगर आला, बागायत आली, आंदोलन झालं की 'आखणी बदलली' अशी बातमी येते. रोडमॅपही दरवर्षी बदलतो, बदलायलाच हवा. 'रोडमॅपिंग' या क्रियेला 'तंत्रज्ञानाची मार्ग-आखणी' हा शब्द म्हणूनच चपखल बसतो.

कागदाला मात्र 'रोडमॅप'च राहू द्यावं असं मला वाटतं. २००३ साली इस्रायल-पॅलेस्टाइन शांततेचा 'रोडमॅप' बातम्यांत गाजला. आता तर पक्षाचा, संघाचा, मंत्रालयाचा, कोणाचाही रोडमॅप असतो, आणि वाचक अडखळत नाही. 'वाटचाल' घालायचा मोह काहींना होतो, पण मराठीत वाटचाल बहुतेक मागची असते. 'संस्थेची पन्नास वर्षांची वाटचाल' म्हणतो आपण. पुढची सांगायची तर 'पुढील' जोडावं लागतं.

लिहिताना 'रोडमॅप' एकच शब्द ठेवावा, मॅवर अर्धचंद्र हवा. 'रोडमैप' हे हिंदीचं वळण. शब्द पुल्लिंगी, अनेकवचन तेच. 'टेबलाचा' चालतं म्हणून कोणी 'रोडमॅपाचा' लिहू नये, 'रोडमॅपचा' पुरे. क्रियापद 'आखणे' हेच शोभतं. 'रोडमॅप बनवला' थोडं बाजारू वाटतं, आणि 'रोडमॅपिंग केलं' तर नकोच.

तर ताई, प्रकरणाचं नाव 'तंत्रज्ञान रोडमॅप: २०३५ पर्यंतची आखणी' असं काहीसं ठेवा, वर्ष तुमचं घाला. आणि पहिलं वाक्य: 'येत्या दहा वर्षांत बाजार आणि नियम कसे बदलतील याचे आडाखे बांधून कंपनीने आपल्या तंत्रज्ञानाची आखणी केली आहे.' साहेबांनी 'आराखडा' हवाच असा हट्ट धरला, तर 'टप्पेवार तंत्रज्ञान आराखडा' करा. त्यात निदान पायलट प्रोजेक्टचा घोळ तरी होणार नाही.