कोकणात डाउनहिल सायकल चालवायला पुढच्या चाकाचा सस्पेन्शन फोर्क कोणता घ्यावा? एअर की कॉइल, १६० की २०० मिमी?

कॉइल घ्या, म्हणजे आत हवेऐवजी स्प्रिंग असलेला. सिंगल क्राऊन घ्या, म्हणजे दोन्ही नळ्यांना वर जोडणारा आडवा तुकडा एकच असलेला. आणि ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त किती दबतो ते अंतर, फ्रेम बनवणाऱ्याने सांगितलाय तेवढाच घ्या. तुमची सेकंडहँड फुल सस्पेन्शन फ्रेम १६० साठी बनलेली आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तो प्रश्न तिथेच मिटला.

एवढ्यावर थांबलो असतो. पण प्रश्नाखाली तुम्ही दोन वाक्यं जोडलीत. एक, 'पुण्याहून राजापूरला बदली झालीय, इथे काय, टेकड्याच आहेत.' दुसरं, 'मित्र म्हणतो डाउनहिल करायचं तर २०० चा डबल क्राऊनच लागतो.' ही दोन्ही वाक्यं मी माझ्या डोंबिवलीच्या आतेभावाकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, त्यामुळे आता सविस्तरच सांगतो.

आधी टेकड्यांचं. आमचं गाव वाघोटण खाडीच्या काठावर. वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, खाली खाडी, मध्ये शंभरेक मीटरचा उतार. आकडा ऐकून घाटावरची माणसं हसतात. पण हा उतार गाडीरस्त्यासारखा वळसे घेत नाही, सरळ खाली येतो. सड्यावर जांभ्याचा कातळ, सगळा भोकाभोकांचा, कडा धारदार, वर सुटे खडे. तिथून खाली पाखाडी लागते. चिऱ्याच्या पायऱ्या, एकीची उंची दुसरीला नाही, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि कुणाचं परसातलं परडं आडवं आलं की काटकोनात वळण. युरोपातल्या वर्ल्ड कपच्या ट्रॅकवर वेग प्रचंड, उड्या मोठ्या. तिथे २०० मिमी लागतातच, फॉक्स ४० आणि रॉकशॉक्स बॉक्सर हे फोर्क त्यासाठीच बनलेत. आपल्याकडे वेग कमी, पण बारीक, टोकदार धक्के अखंड चालू. इथे फोर्क एकूण किती खाली जातो यापेक्षा पहिले काही मिलिमीटर तो किती सहज हलतो हे बघायचं. एअर फोर्कला हवा कोंडून धरणारे सील असतात, त्यांचं घर्षण तोडल्याशिवाय तो हलत नाही. कॉइलच्या स्प्रिंगला ते सीलच लागत नाहीत.

आता आतेभावाचं. एका मे महिन्यात तो वापरलेला २०० मिमीचा डबल क्राऊन एअर फोर्क स्वतःच्या १६० च्या फ्रेमवर बसवून आला. आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर संध्याकाळी आम्ही सड्यावर गेलो. मी त्याला आधी सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने फोर्क किती दबतो ते, मोजू दे म्हटलं. नळीवरची रबराची रिंग खाली सरकवली, त्याला सगळं वजन टाकून सायकलवर उभं राहायला लावलं, मग हळूच उतरवलं. रिंग जेमतेम ३० मिमी वर सरकली होती. डाउनहिलला सॅग २५ ते ३० टक्के हवा, म्हणजे २०० च्या फोर्कला ५० ते ६० मिमी. म्हटलं, हवा सोड. तर म्हणे, "चार्टवर माझ्या वजनाला एवढीच लिहिलीय." चार्ट हा सुरुवात करायला असतो, शेवटचा शब्द रिंगचा, हे त्याला तेव्हाही पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

सड्यावर त्याचं पुढचं चाक खड्यांवर धरेचना, फोर्क हलतच नव्हता. पाखाडीला लागल्यावर पायऱ्या सरळ होत्या तोवर निभावलं. पहिल्या काटकोनी वळणावर मात्र हँडल अर्ध्यात अडकलं. डबल क्राऊनमध्ये दोन्ही नळ्या हेडट्यूबच्या, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या, शेजारून वरच्या क्राऊनपर्यंत जातात, त्यामुळे हँडल एका मर्यादेपुढे फिरवलं की नळीवरचं रबर फ्रेमला टेकतं आणि पुढे वळणं बंद. रुंद ट्रॅकवर एवढं वळायची गरजच पडत नाही. दोन गडग्यांच्या मध्ये पडते. तो मागचं चाक उचलून उचलून सायकल फिरवत होता, आणि खालून डोक्यावर हंडा घेऊन येणारी शेजारची काकी वाट बघत उभी. शेवटी तीच म्हणाली, "झिला, वळणा नाय तर उतर आनि हातान घेवन जा."

मग मी सायकली बदलल्या. माझ्याकडे मार्झोकी बॉम्बर झेड वन फोर्क आहे, कॉइलचा, १६० ला लावलेला. त्याच पाखाडीवर तेच वळण त्याने पाय न टेकता काढलं. खाली खाडीपाशी पोचल्यावर काय म्हणाला? "तुझ्या सायकलीची जॉमेट्रीच वेगळी आहे." दर गणपतीत आरती झाली की हा वाद पुन्हा निघतो. माझं उत्तर तेच आहे: माझी जॉमेट्री वेगळी नाही, जशी बनवली तशी आहे. तू ४० मिमी लांब फोर्क घातलास म्हणून पुढचा भाग उचलला गेला आणि हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा जमिनीशी असलेला कोन, दोनेक अंशांनी कलला. ढोबळ हिशेब २० मिमीला एक अंश. शिवाय हेडट्यूबवर जास्त ताण येतो, म्हणून बऱ्याच कंपन्या अशा फ्रेमवर डबल क्राऊन लावला की वॉरंटी देत नाहीत. तुमच्या मित्रालाही हेच विचारा: फ्रेमच्या माहितीपत्रकात डबल क्राऊन चालेल असं कुठे लिहिलंय, ते दाखव.

कॉइलचं दुसरं कारण आपली हवा आणि माती. दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही. कंपनी सांगते, रॉकशॉक्सच्या फोर्कचे खालचे पाय, ज्यांत वरच्या नळ्या सरकतात ते, ५० तासांनी उघडा. इथे मे महिन्याच्या धुळीत आणि जूनच्या चिखलात तेवढंही थांबू नये. मी पडवीत गोणपाट अंथरून करतो. खालचे बोल्ट थोडे सैल करायचे, रबरी हातोड्याने टकटक, पाय सुटले की तेल परातीत. मे अखेरीला ते तेल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं निघतं, आणि धूळ अडवणाऱ्या वायपर सीलखालची फोमची रिंग बोटात पिळली की तांबडा लगदा येतो. तो लगदा नळीवर घासत राहिला की आवरण जातं. नळी पुसून नखाने वरून खाली तपासा. नख कुठे अडकलं तर तिथून खारी हवा आत शिरायला सुरुवात झालीय समजा. एअर फोर्कमध्ये हवेच्या बाजूचे जास्तीचे सील याच नळीवर आतून काम करतात, आणि ते गेले की राजापुरात मिळत नाहीत. कॉइलमध्ये बिघडायला तेवढं कमी. आणि पेट्रोल पंपाशेजारच्या गाडी धुण्याच्या जेटने सायकल कधीही धुऊ नका. बादली आणि ओलं फडकं पुरे. निघायच्या आधी रात्रभर सायकल उलटी ठेवली तर तेल फोमपर्यंत उतरतं, सकाळी फोर्क मऊ चालतो.

सेटिंगचं थोडक्यात. १६० ला सॅग ४० ते ४८ मिमी. तेवढा येत नसेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा नॉब, पिळत बसू नका, स्प्रिंग बदला. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर यायचा वेग, पायऱ्यांसाठी जरा जलद ठेवा. हळू ठेवलात तर एका पायरीतून वर यायच्या आत दुसरी येते, फोर्क खालीच बसत जातो आणि शेवटच्या पायऱ्या थेट मनगटात लागतात.

कॉइलचे तोटे आहेत, तेही सांगायला हवेत. अर्धा किलोभर वजन जास्त. स्प्रिंग वजनानुसार घ्यावी लागते. तुम्ही ८२ किलो लिहिलंय, त्याला अडचण यायची नाही, पण खूप हलक्या किंवा खूप वजनदार माणसाला हवी ती स्प्रिंग मागवताना जीव मेटाकुटीला येतो, त्याने एअर घ्यावा. मोठ्या उड्या मारणाऱ्यानेही एअरच घ्यावा, कारण हवा शेवटी शेवटी कडक होत जाते आणि हवेची जागा कमी करणारे स्पेसर घालून ते वाढवता येतं, साध्या कॉइलला ते जमत नाही. आणि स्वस्त सायकलवर येणारा, आत डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणारी यंत्रणा, जवळपास नसलेला स्प्रिंगचा फोर्क म्हणजे मी म्हणतोय तो कॉइल नव्हे. त्याच्यापेक्षा कुठलाही बरा एअर फोर्क चांगला.

राजापुरात आहात म्हणून अजून एक. सगळे सडे चालवायला मोकळे नाहीत. बारसू, कशेळी, उक्षी, जांभरुण इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गवत वाढलं की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. आधी गावात विचारा, मगच सायकल वर न्या. पाखाडीवर माणूस दिसला की थांबायचं, वर येणाऱ्याचा हक्क पहिला.

मॉडेल कुठलं ते आत्ता सांगत नाही, कारण दोन मापं तुम्ही दिलेली नाहीत. हेडट्यूब खाली रुंद होत जाणारी, म्हणजे टेपर्ड आहे का, आणि पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल १५ मिमीचा आहे की २० चा, एवढं कॅलिपरने मोजून कॉमेंटमध्ये टाका.