धनुष्कोडीची वाहून गेलेली रेल्वे, फोटोत कशी आणू?

प्रश्न: जानेवारीत आईबाबांना घेऊन रामेश्वरला चाललोय. धनुष्कोडीच्या बंद पडलेल्या रेल्वेचे फोटो काढायचेत. जुना डीएसएलआर आणि एकच १८-५५ लेन्स आहे. रूळ कुठे सापडतील आणि उजेड कधी चांगला असतो? – एक वाचक, सांगली

उत्तर: आधी हे सांगतो, रूळ शोधत बसू नका. मी पहिल्या खेपेला तेच केलं, सकाळचा सगळा छान उजेड वाळू तुडवण्यात गेला आणि हाताला काहीच लागलं नाही. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळात समुद्र आत घुसला, याच बेटावरच्या पांबनहून निघालेली पॅसेंजर धनुष्कोडी स्टेशन यायच्या जरा आधी माणसांसकट गेली, शंभरावर लोक होते हो तिच्यात, आणि ती लाईन पुन्हा सुरू झालीच नाही. आता उरल्यात त्या स्टेशनच्या पडक्या भिंती, पाण्याच्या टाकीचं बांधकाम आणि चर्च. मद्रासहून बोट मेल नावाच्या गाडीने आलेली माणसं इथे उतरून जहाजाने सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, तलाईमन्नारला जायची, एवढं आठवून त्या भिंतींसमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहा, कॅमेरा नंतर काढा.

चर्चच्या भिंतीत प्रवाळाचे दगड आहेत. सकाळचं तिरकं ऊन पडलं की एकेका दगडावरची बारीक भोकं आणि नक्षी इतकी उठून दिसते की बोट फिरवावंसं वाटतं, तेव्हा ५५वर झूम करून जवळून घ्या. दुपारी तीच भिंत अगदी सपाट दिसते. पांढऱ्या वाळूने कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतात, म्हणून एक्सपोजर +०.७ ते +१ ठेवा आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा.

एकच लेन्स आहे हे चांगलंच आहे. मी तिथल्या वाऱ्यात लेन्स बदलली, झूम रिंगमध्ये वाळू गेली ती अजून करकर वाजते. काचेवर खारं पाणी सुकलं तर कोरड्या कापडाने घासू नका, आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) वाळू उडवा मग ओलसर कापडाने टिपा.

मच्छीमारांच्या झोपड्या आहेत तिथे, माणसं राहतात, त्यांना विचारल्याशिवाय फोटो नको. "फोटो एडुक्कलामा?" एवढं तमिळ पुरतं. ड्रोन घरीच ठेवा, सीमेजवळचा भाग आहे.

रस्ता २०१७पासून थेट अरिचलमुनईच्या टोकापर्यंत झालाय, पण संध्याकाळी पोलीस सगळ्यांना माघारी पाठवतात, त्यामुळे संध्याकाळ पांबनला काढा. १९१४च्या जुन्या रेल्वे पुलावरून २०२२च्या डिसेंबरपासून गाडी गेलेली नाही, शेजारी २०२५मध्ये सुरू झालेला नवा पूल आहे, जुना अजून उभा असेल तर रस्त्याच्या पुलावरून दोन्ही एका फ्रेममध्ये बसतात.

आणि आईबाबा प्रयागला न्यायला सेतूची वाळू घेणार असतील तर त्यांच्या ओंजळीतल्या वाळूचा एक फोटो नक्की काढा, जमलं तर मागे स्टेशनची भिंत येऊ द्या.