गावात ३,००० माणसं असताना नळयोजना ५,००० लोकांसाठी का आखतात?

कारण एकदा पुरलेली पाइपलाइन दर पाच वर्षांनी उकरून मोठी करता येत नाही. म्हणून मुख्य जलवाहिनी साधारण ३० वर्षांनंतरच्या लोकसंख्येवर बेततात. पंप-मोटार मात्र १५ वर्षांच्याच हिशोबाने घेतात. त्या बदलता येतात, आणि आजच अवाढव्य पंप बसवला तर वीजबिल भरता भरता ग्रामपंचायतीच्या नाकी नऊ येतात.

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. म्हणजे ५,००० लोकांना २,७५,००० लिटर, गळती वेगळी.

खरी मेख वितरणात आहे. सकाळी अख्खं गाव एकदम नळ सोडतं, म्हणून लहान गावात वितरणाचे पाइप सरासरीच्या तिप्पट प्रवाहाला पुरतील असे धरतात. इथे काटकसर केली की टोकाच्या वाडीला नळातून नुसती हवा येते. मग कोणीतरी नळाला थेट मोटार लावतो आणि शेजारीही कोरडे राहतात!

तुमच्या ग्रामसभेत आराखडा आला तर लोकसंख्येच्या आकड्यावर वाद घालण्याआधी विहिरीची क्षमता चाचणी, म्हणजे ती किती पाणी देते याची तपासणी, कोणत्या महिन्यात घेतली ते विचारा. दिवाळीतल्या चाचणीवर विसंबू नका, एप्रिल-मेमधली मागा.